बिनगाठीची मुळं

हरभऱ्याचं सातवं झाड मी वाळूतून अलगद ओढून काढलं, बादलीत दोनदा बुचकळलं आणि मुळं उन्हाकडं धरून पाहिली. लांब, पांढरी, निरोगी मुळं. गाठ एकही नव्हती.

"ह्याला बी न्हाई का, ताई?" गयामावशींनी विचारलं.

"नाही."

"त्या पलीकडच्या रांगेला तर गच्च हायत की."

"तेच तर कळत नाही," मी म्हणाले आणि आठवं झाड उपटलं. त्याला दोन गाठी होत्या, मोहरीएवढ्या.

ही २०११ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका कृषी संशोधन केंद्रावर पीएच.डी. करत होते. तिसरं वर्ष चालू होतं. नऊ दिवसांवर समितीची बैठक होती आणि समितीला दाखवायला माझ्याकडं हा एकच प्रयोग होता. गयामावशी, म्हणजे गयाबाई गवळे, आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होत्या. काचसामान धुणं, कुंड्यांना पाणी घालणं, वाळू चाळणं, सगळं त्या करायच्या. वय पन्नाशीच्या आसपास. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. त्या आठवड्यात मात्र त्या गप्प गप्प होत्या. मी ते पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

हरभऱ्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यात जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला पुरवतात, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मोबदल्यात झाड जिवाणूंना साखर देतं. हा सौदा झाडाला महाग पडतो. म्हणून मातीत आयता नत्र नायट्रेटच्या रूपात मिळाला की झाड गाठी करतच नाही. माझ्याकडं दोन वाण होते. एक साधा आणि दुसरा त्याच्याच बियांवर किरणांचा मारा करून निघालेला, त्याला आम्ही नुसतं 'बत्तीस' म्हणायचो. बत्तीसच्या मुळात नायट्रेट आत घेणारं एक प्रथिन बिघडलेलं आहे असा माझा अंदाज होता. पहिली पायरी सोपी होती. दोन्ही वाणांना अजिबात नायट्रेट न देता वाढवायचं आणि दोघांनाही सारख्याच गाठी येतात हे दाखवायचं. नायट्रेट द्यायची पायरी त्यानंतरची.

आणि या सोप्या पायरीवरच सगळं कोसळलं होतं. बत्तीसची मुळं गुलाबी गाठींनी लगडलेली, साध्या वाणाची मुळं ओकीबोकी.

वीस झाडं धुऊन झाल्यावर मी ट्रे उचलला आणि तडक ओहळ सरांच्या खोलीत गेले.

डॉ. भालचंद्र ओहळ माझे मार्गदर्शक. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, बोलणं कमी, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी ट्रे पुढ्यात ओढला, एकेक मूळ चिमटीत धरून पाहिलं.

"सर, साध्या वाणाचं बियाणं खराब असेल का? की जिवाणू मेले असतील?"

"बत्तीसला तेच जिवाणू दिलेस ना?"

"हो."

"मग मेलेले जिवाणू बत्तीसच्या मुळावर कसे जिवंत झाले?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बियाण्याचंही नाही. झाड बघ किती तजेलदार आहे. गाठ नाही, नायट्रेट नाही, तर एवढं हिरवं कशावर आहे हे? याला पिवळं पडायला हवं होतं."

ते मला दिसायला हवं होतं.

"मला सांग, नायट्रेट मुळात शिरतं कसं?"

"सर, पेशीच्या पडद्यात वाहक प्रथिन असतं..."

"परीक्षेतलं उत्तर नको. नीट सांग."

"पडद्यातून नायट्रेट आपलं आपण आत जात नाही. ते प्रथिन आधी बाहेरच्या बाजूनं उघडतं. एक नायट्रेट आणि त्याच्याबरोबर दोन प्रोटॉन धरतं. मग बाहेरून मिटतं, आतल्या बाजूनं उघडतं आणि नायट्रेट आत सोडतं. प्रोटॉनना आत यायची ओढ असते, त्या ओढीच्या जोरावर नायट्रेट ओढलं जातं."

"आणि आत आल्यावर?"

"झाडाला कळतं की नत्र मिळतोय. मग ते पानांकडून मुळांना निरोप पाठवतं, गाठी करू नका."

"बरं. आता ते प्रथिन बिघडलं असेल तर?"

"तर बाहेर नायट्रेट असूनही झाडाला पुरेसं कळणार नाही. ते गाठी करत राहील."

सरांनी दोन मुळं शेजारी शेजारी ठेवली. एक ओकंबोकं, एक लगडलेलं. माझ्याकडं नुसतं पाहिलं.

"पण सर, मी नायट्रेट दिलंच नाही! सगळं डिस्टिल्ड पाण्यात बनवलंय. रसायनं मी स्वतः तोललीत."

"झाडं तर म्हणतायत की दिलंय. जा, पाणी तपास."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात वीस वीस लिटरचे दोन पांढरे कॅन असायचे. त्यांच्यावर माझ्याच अक्षरात 'डिस्टिल्ड' लिहिलेलं. परीक्षा साधी आहे. पाण्याच्या थेंबावर डायफिनाइलअमाइनचं तीव्र आम्लातलं द्रावण टाकायचं, नायट्रेट असेल तर निळा रंग येतो. शुद्ध पाण्यात काहीही व्हायला नको होतं. पहिल्याच थेंबाला पांढऱ्या टाइलवर शाईची दौत सांडावी तसा गडद निळा डाग उमटला.

दुसऱ्या कॅनचंही तेच. मग मी रीतसर मोजणी केली. लिटरला तीनशे दहा मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा पंचेचाळीस असते. ज्या पाण्यात शून्य असायला हवं, त्यात तीनशे दहा!

पस्तीस दिवस मी त्या झाडांना नायट्रेट पाजत होते.

गयामावशी मोरीपाशी बीकर विसळत होत्या. मी मागून जाऊन उभी राहिले.

"मावशी, या कॅनमध्ये पाणी कुठलं भरलं?"

"कुठलं म्हंजे? यंत्राचंच की."

"खरं सांगा."

"खरंच सांगतेय, ताई." त्यांनी वर पाहिलं नाही.

मी शेजारच्या खोलीत गेले. डिस्टिल्ड पाण्याच्या यंत्रावर धूळ होती. बटण दाबलं. काही झालं नाही. काचेतली कॉइल काळी पडून तुटलेली दिसत होती. परत आले तेव्हा माझा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला असणार.

"यंत्र कधीपासून बंद आहे? मला वेडी समजता काय? तीन वर्षं घालवलीत मी इथं! खोटं बोलाल तर आत्ता जाऊन सरांना सांगते. उद्यापासून या गेटच्या आत पाऊल ठेवू देणार नाही!"

त्यांच्या हातातला बीकर मोरीत पडला. फुटला नाही. त्या ओट्याला टेकल्या आणि पदर तोंडाला लावला.

"महिन्याच्या वर झालं, ताई. कॉइल जळली. म्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात कागद दिला. कोणी काही केलं न्हाई. तुम्ही तर रोज इचारायच्या, पाणी भरलं का, पाणी भरलं का. माझ्याच हातून जळली म्हणतील, काढून टाकतील, असं वाटलं मला. म्हणून मंग वस्तीवरल्या बोअरचं आणलं."

"बोअरचं?"

"नितळ पाणी हाय, ताई. आरशावाणी. आमची छकुली बी त्याच पाण्यावर हाय."

"नितळ!" मी ओरडले. "डोळ्यांना दिसतं का त्यातलं? माझा प्रयोग मातीत घातलात तुम्ही!"

त्या रडू लागल्या. मी थांबले नाही. तिथंच टेबलावर बसून एक कागद ओढला आणि सरांच्या नावानं तक्रार लिहिली. सदर महिला, हेतुपुरस्सर, अक्षम्य, असे शब्द होते त्यात. खाली सही केली, तारीख घातली.

सर डबा खात होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, मला त्या माझ्या कामावर नकोत. लेखी दिलंय."

सरांनी हात पुसले, कागद वाचला. "कॉइल जळल्याचा कागद त्यांनी ऑफिसात दिला म्हणाल्या?"

"म्हणाल्या. खरं-खोटं त्यांनाच माहीत."

सरांनी टेबलावरच्या फायलींचा गठ्ठा उपसला. तिसऱ्या की चौथ्या फायलीखालून एक चुरगळलेला कागद निघाला. मागणीपत्र, कॉइल, नग एक. खाली वेड्यावाकड्या अक्षरात गयाबाई गवळे. सहीची जागा रिकामी.

"माझ्याकडंच पडलंय हे," सर हळू आवाजात म्हणाले. "छत्तीस दिवस."

"म्हणून बोअरचं पाणी आणायचं? आणि वर काय म्हणतात, तर 'नितळ पाणी हाय ताई, आमची छकुली बी त्याच पाण्यावर हाय.' जसं काही..."

"छकुली कोण?"

"नात त्यांची. लेक बाळंतपणाला आलीय."

"केवढी आहे?"

"असेल महिना, सव्वा महिना."

सर उठून उभे राहिले. "आईच्या अंगावर पिते की वरच्या दुधावर?"

मला ते माहीत होतं. दहा-बारा दिवसांपूर्वी गयामावशींनी पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढून माझ्यापुढं धरला होता. "ताई, जोस्नाला दूधच उतरंना. ह्याच्यावर किती चमचे लिव्हलंय तेवढं वाचून सांगा." मी वाचून दाखवलं होतं. एका चमच्याला तीस मिली पाणी. वर स्वतःच्या मनानं सांगितलं होतं, "पाणी चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळा हं, मावशी."

उकळून जंतू मरतात. नायट्रेट उडून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे आणखी दाट होतं.

एम.एस्सी.ला आम्हाला त्यावर पाच गुणांचा प्रश्न होता. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटचे लहान बालकांवर होणारे परिणाम. मला पाचपैकी पाच मिळाले होते.

"सर, वरच्या दुधावर," मी म्हणाले.

"तू पुढं हो. सायकल घे. मी गाडी काढतो."

तक्रारीचा कागद टेबलावर तसाच राहिला. मी जिना उतरताना गयामावशींना हाक मारली, "मावशी, छकुली बरी आहे ना?" त्या डोळे पुसत बाहेर आल्या. माझा चेहरा बघून घाबरल्या असतील.

"न्हाई ओ, ताई. आठ दिवस झाले, मलूल हाय. ओठ काळपट दिसत्यात. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगिटलं, काळजाला छिद्र असंल. सोमवारी मोठ्या दवाखान्यात न्यायची हाय, मशीनवर तपासायला."

तो गुरुवार होता.

वस्ती केंद्राच्या आवाराच्या कुंपणापलीकडं, एक किलोमीटरवर. मी सायकल कशी मारली ते आठवत नाही. दहा-बारा घरं, मधोमध बोअरचा हातपंप आणि त्याच्या अगदी जवळ गोठा. गोठ्याचं सगळं पाणी एका खड्ड्यात मुरत होतं. चहूबाजूंनी आमच्याच केंद्राची शेतं, ज्यांत वर्षानुवर्षं युरियाची पोती रिकामी झालेली.

जोस्ना दारात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वीस-एकवीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं. चुलीवर पातेलं रटरटत होतं. बाळाच्या तोंडाला बाटली लावलेली होती.

"थांब! ती बाटली काढ!"

ती दचकली. बाळ मात्र दचकलं नाही. एवढं ओरडूनही त्या जिवानं पापणी हलवली नाही. ओठ जांभळट राखाडी होते. नखंही तशीच.

"आई म्हणली ताईनं सांगिटलंय, पाणी उकळून घे," जोस्ना म्हणाली. "म्या पंधराच्या जागी वीस मिनटं उकळतेय."

मी तिच्या हातून बाटली काढून घेतली. सरांची गाडी धुरळा उडवत आली. मागच्या सीटवर गयामावशी होत्या. आम्ही सगळे कोंबून बसलो. निघताना सरांनी हातपंपावरून एक बाटली भरून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पोचायला चाळीस मिनिटं लागली. जोस्ना दर दोन मिनिटांनी बाळाच्या नाकापुढं बोट धरत होती.

बालविभागात डॉ. फरहीन मुजावर म्हणून तरुण डॉक्टर होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग प्राणवायू लावला. पाच मिनिटं वाट पाहिली. रंग बदलला नाही.

"मॅडम," मी पुढं झाले, "मी डॉक्टर नाही. पण हे बाळ दहा-बारा दिवस पावडरच्या दुधावर आहे. ज्या पाण्यात दूध करतात त्यात नायट्रेट तीनशे दहा आहे. मी आज सकाळी मोजलंय. आणि ते पाणी वीस-वीस मिनिटं उकळतात."

त्यांनी मान झटकन वर केली. "मोजलंय? कुठं?"

"आमच्या प्रयोगशाळेत. हरभऱ्यासाठी."

त्यांना ते शेवटचं कळलं नसावं. पण त्यांनी पुढचं काहीही विचारलं नाही. नर्सला सुई आणायला सांगितली. बाळाच्या हातातून रक्त ओढलं तेव्हा मी बघत होते. ते लाल नव्हतं. काकवीसारखं तपकिरी होतं. डॉक्टरांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि कागद हवेत हलवला. साधं रक्त असं केल्यावर लाल होतं. हा थेंब तपकिरीच राहिला.

"हृदय चांगलं आहे हिचं," डॉ. मुजावर म्हणाल्या. "रक्तच प्राणवायू उचलत नाहीये. सिस्टर, मिथिलिन ब्लू आहे का बघा. नसेल तर स्टोअरमधून, नसेल तर कुठूनही. पळा."

जोस्नाला खाली बसवलं. गयामावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझी बाही धरली.

"ताई, काय होतं त्या पाण्यात?"

"नायट्रेट, मावशी. खताचं, शेणामुताचं, जमिनीतून झिरपून बोअरला लागलेलं."

"झाडाला चालतं ते?"

"झाडाला लागतंच ते. झाडाच्या मुळाला त्याच्यासाठी दारं असतात. हवं तसं आत घेतं, वापरतं. तान्ह्या लेकराच्या पोटात त्याचं दुसरंच काही होतं आणि ते रक्ताला धरून बसतं. मोठ्यांना सहसा एवढा त्रास होत नाही. तुम्हाला कळायला मार्गच नव्हता."

"म्या पाजलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं भरून आणत होते. तुमच्या झाडाला बी आणि हिला बी."

मला म्हणायचं होतं, उकळायला मी सांगितलं. त्याऐवजी मी नर्स आली का ते बघायला दारापर्यंत गेले.

वीस मिनिटांनी नर्स धापा टाकत आली. औषध स्वतःच गडद निळं होतं. त्या निळ्या पडलेल्या बाळाला आणखी निळं औषध टोचताना बघून गयामावशींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर अगदी हळू, घड्याळाकडं बघत सिरिंज दाबत होत्या.

मग वाट बघणं. सर मध्येच कुठंतरी निघून गेले. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मी बाळाच्या ओठांवरून नजर हलवत नव्हते. आधी वाटलं मला भास होतोय. ओठांचा मधला भाग जरा उजळ दिसला. मग कडा. मग कानाची पाळी. तिच्या अंगात कोणीतरी आतून दिवा वर करत न्यावा, तसा रंग चढत होता. अर्ध्या-पाऊण तासात नखं गुलाबी झाली.

आणि मग तिनं तोंड वासून जे भोकाड पसरलं! शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बघायला आल्या. मुठी वळलेल्या, पाय झाडतेय, चेहरा लालबुंद. जोस्ना तिला गप्प करायला उचलू लागली तर गयामावशींनी तिचा हात धरला.

"रडू दे गं. आठ दिसांत रडली न्हाई ती. रडू दे तिला."

डॉ. मुजावर हसल्या. "भूक लागलीय तिला. अंगावर लावा आधी. आणि वरचं द्यायचंच झालं तर चांगल्या पाण्यातलं."

त्याच वेळी ओहळ सर वॉर्डाच्या दारात उगवले. दोन्ही काखांत बाटलीबंद पाण्याचे खोके. त्यांच्या कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला होता आणि हात मोकळा नसल्यानं तो त्यांना वर करता येत नव्हता. नर्सनं विचारलं, "एवढं पाणी कशाला?" सर म्हणाले, "पुरेल ना?" आम्ही सगळे हसलो. मी हसता हसता रडायला लागले आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन बाकावर बसले. संध्याकाळचं ऊन जिन्यात आलं होतं. मला इतकं हलकं वाटत होतं की उभी राहिले तर चालता येईल की नाही याचीच शंका होती.

पुढचं थोडक्यात सांगते. सरांनी वस्तीवरच्या हातपंपाला, कोणी ते पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग फासून घेतला आणि महिन्याभरात केंद्राच्या टाकीवरून तिथं नळ गेला. कॉइल दुसऱ्या दिवशी आली. माझी तक्रार सरांनी त्या जुन्या मागणीपत्राबरोबर एकदमच फाडली. समितीपुढं मी जे घडलं ते घडलं तसंच सांगितलं, यंत्र बंद होतं, पाणी बोअरचं होतं, मला पस्तीस दिवस पत्ता नव्हता. एक सदस्य वैतागले. दुसऱ्या सदस्य बाईंनी बत्तीसच्या मुळांचा फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे दुसरी पायरी आधी झाली. आता पहिली करा." ती केली. शुद्ध पाण्यावर दोन्ही वाणांना सारख्याच गाठी आल्या. नंतर मोजून नायट्रेट दिलं, तेव्हा साध्या वाणानं गाठी बंद केल्या आणि बत्तीसनं केल्या नाहीत. बत्तीसच्या प्रथिनात एका जागी एकच घटक बदललेला निघाला, बाहेरून मिटण्याच्या जागी. माझा प्रबंध त्याच्यावरच उभा राहिला.

पण प्रबंधाच्या कितीतरी आधी, जानेवारीत, छकुलीचं बारसं झालं. लांबलेलं होतं, म्हणून थाटात केलं. बारशाला जो येईल त्याला गयामावशी मला दाखवत होत्या. "ह्या ताई. ह्यांनी वाचीवली." बायका माझ्याकडं कौतुकानं बघत. एका म्हातारीनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मला तिथं उभं राहवेना. घुगऱ्यांची वाटी घेऊन मी घरामागं जाऊन बसले.

थोड्या वेळानं गयामावशी शोधत आल्या. "अशा कशा इथं बसलात?"

"मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही त्या दिवशी मोरीपाशी म्हणालात ना, छकुली पण त्याच पाण्यावर आहे. ते मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पाण्यात किती नायट्रेट आहे तेही मला माहीत होतं, लहान बाळाला त्यानं काय होतं तेही पाठ होतं. तरी माझ्या डोक्यात फक्त माझी झाडं होती. मी तुमच्यावर ओरडत राहिले. तुम्हाला काढून टाका म्हणून लिहून दिलं. सरांनी विचारलं नसतं तर मी गेलेच नसते वस्तीवर. आणि पाणी उकळायलासुद्धा मीच सांगितलं होतं."

त्या माझ्याशेजारी बसल्या. समोर त्यांची कोंबडी माती उकरत होती.

"तुम्ही लिव्हून दिलं ते सरांनी सांगिटलं मला," त्या म्हणाल्या. "तव्हाच."

"मग?"

"मंग काय? ताई, तुम्ही त्या दिशी गोड बोलला असता ना, तर म्या शेवटपर्यंत यंत्राचंच पाणी म्हणले असते. खोटंच बोलले असते बगा. नोकरीच्या भ्यानं. तुम्ही वरडलात, माझा धीर सुटला, म्हणून तोंडातून गेलं. बोअरचं म्हणलेच नसते, तर छकुलीचं नाव तरी निघालं असतं का?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला माफ करण्यासाठी त्या हे जुळवून सांगत होत्या का, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. तसं काही दिसलं नाही. त्या फक्त घडलेलं सांगत होत्या.

"चला, उठा आता," त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पाळण्यात घालायची वेळ झाली. आत्या यायची न्हाई, तिची बस चुकली. नाव तुम्हालाच सांगायचंय कानात."

"मला? काय नाव ठेवलंय?"

"ते जोस्ना सांगंल. मला बी सांगंना ती." त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, आतल्या उरलेल्या घुगऱ्या स्वतःच्या तोंडात टाकल्या आणि मला दंडाला धरून उठवलं.